प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: रोबोचा स्वस्त बिनतारी दुवा

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न घरी बनवलेल्या रोबोच्या रेडिओ रिमोटबद्दल आहेत. विचारणाऱ्यांत शाळकरी मुलांचे शिक्षक आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि द्राक्षबागेत यंत्र चालवू पाहणारे एक शेतकरीही आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. भाव अंदाजाने दिले आहेत, कारण ते दुकानागणिक बदलतात.

प्रश्न (सांगली, डिप्लोमाचा विद्यार्थी): दोन मोटरींची गाडी बनवली आहे. कॉलेजच्या मैदानावर ३०-४० मीटरवरून चालवायची आहे. बॅटरी आणि मोटरी सोडून हजारभर रुपये आहेत. ४३३ मेगाहर्ट्झची जोडी घ्यावी, ब्लूटूथ घ्यावं की एनआरएफ२४?

एनआरएफ२४एल०१+ हे २.४ गिगाहर्ट्झचं छोटं रेडिओ मॉड्यूल घ्या. नावातलं शेवटचं अधिकचिन्ह महत्त्वाचं आहे. ते नसलेल्या जुन्या चिपला २५० किलोबिटचा वेग येत नाही आणि तुम्हाला नेमका तोच लागणार आहे.

४३३ मेगाहर्ट्झची जोडी (एक पाठवणारा आणि एक ऐकणारा बोर्ड) सर्वांत स्वस्त असते, पण ती एकेरी आणि संथ आहे. निरोप पोचला की नाही, हे रिमोटला कधीच कळत नाही. एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूलमुळे रिमोटचा खर्च वाचतो, कारण फोनच रिमोट होतो. मात्र पल्ला दहा मीटरच्या आसपास राहतो आणि आयफोन त्याच्याशी बोलत नाही. घरातल्या गाडीला ते चालेल, मैदानावर नाही.

एनआरएफ२४ चे साधे, छापील अँटेनाचे मॉड्यूल साधारण १०० रुपयांना मिळते. दोन मॉड्यूल, दोन आर्डुइनो नॅनो कंट्रोलर बोर्ड (स्थानिक प्रती प्रत्येकी २५०च्या आसपास), एक जॉयस्टिक (५०-६०) आणि टीबी६६१२एफएनजी मोटर ड्रायव्हर (१५० ते २००) मिळून तुमच्या रकमेत बसतात. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. एल२९८एन ड्रायव्हर पडलेला असेल तर तोही चालेल, पण त्यात एक अँपिअरला सुमारे दोन व्होल्ट वाया जातात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. टीबी६६१२ सलग १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ अँपिअर देतो. पिवळ्या बीओ मोटरींना तेवढं पुरतं.

जोडणी अशी करा. मॉड्यूलचा सीई नॅनोच्या ९ क्रमांकाच्या पिनला, सीएसएन १० ला, मोसी ११ ला, मिसो १२ ला आणि एससीके १३ ला. आयआरक्यू मोकळी ठेवा. व्हीसीसी फक्त ३.३ व्होल्टला. चिपची मर्यादा ३.६ व्होल्ट आहे, त्यामुळे ५ व्होल्ट दिले तर ती बहुधा जळेल. बाकीच्या संकेत-पिना ५ व्होल्ट सहन करतात, म्हणून नॅनोशी थेट जोडता येतात. मोटर ड्रायव्हरचे दोन पीडब्ल्यूएम (मोटरीचा वेग ठरवणारे संकेत) ५ आणि ६ ला, दिशेच्या चार तारा २, ४, ७, ८ ला. ड्रायव्हरची एसटीबीवाय (स्टँडबाय) पिन कायमची ५ व्होल्टला बांधू नका, ए० ला जोडा. नॅनो रीसेट होत असताना ती पिन आपोआप खाली जाते आणि मोटरी बंद राहतात.

आता २५० किलोबिटचा आग्रह कशासाठी, ते सांगतो. हे मॉड्यूल जास्तीत जास्त शून्य डीबीएम, म्हणजे १ मिलीवॉट, प्रक्षेपित करतं. मोकळ्या हवेत १०० मीटरवर २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ८० डेसिबलने क्षीण होते, म्हणजे तिथे उणे ८० डीबीएम पोचतात. २ मेगाबिट वेगाला रिसीव्हर उणे ८२ पर्यंतच ऐकू शकतो. हाताशी उरले दोन डेसिबल, जे मधे माणूस उभा राहिला तरी संपतात. २५० किलोबिटला तोच रिसीव्हर उणे ९४ पर्यंत ऐकतो. हा १२ डेसिबलचा फायदा अंतराच्या हिशेबात चौपट होतो आणि त्याला एक रुपयाही पडत नाही. छापील अँटेना, जमिनीलगतची उंची आणि गर्दी यांत बरंच जातं, तरी तुमचे ४० मीटर आरामात मिळावेत. गाडीवर मॉड्यूल बसवताना अँटेनाची नागमोडी बाजू चासीच्या कडेबाहेर ठेवा. खाली ॲल्युमिनियमची पट्टी किंवा शेजारी बॅटरी आली, तर वरचा सगळा हिशेब फुकट जातो.

प्रश्न (चिंचवड, अभियांत्रिकी दुसरं वर्ष): संगणकाला जोडलेलं असताना रेडिओ व्यवस्थित चालतो. गाडी बॅटरीवर टाकली आणि मोटर फिरली की दुवा तुटतो. मॉड्यूल दोनदा बदललं. पीए आणि एलएनए हे ॲम्प्लिफायर असलेलं लांब अँटेनाचं मॉड्यूल लावल्यावर तर अजिबातच चालेना.

मॉड्यूल बदलणं थांबवा, ती बहुतेक चांगलीच असतील. एनआरएफ२४ बद्दलच्या तक्रारींत सर्वाधिक वेळा दोष वीजपुरवठ्याचा निघतो आणि तुमची लक्षणं अगदी तीच आहेत.

साधं मॉड्यूल फक्त ११ ते १४ मिलिअँपिअर घेतं. पण प्रक्षेपण सुरू होताना तो प्रवाह एका झटक्यात लागतो आणि लांब जंपर तारेतून तो वेळेवर पोचत नाही. व्होल्टेज काही मायक्रोसेकंद खाली येतं. मल्टिमीटरवर ते दिसत नाही, तो सरासरी दाखवतो, म्हणून विद्यार्थी ‘३.३ व्होल्ट बरोबर येतात’ असं खात्रीने लिहितात. उपाय दोन-तीन रुपयांचा आहे. १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक (ज्यावर १०४ लिहिलेलं असतं) असे दोन कपॅसिटर मॉड्यूलच्या व्हीसीसी आणि ग्राउंड पिनांवर थेट सोल्डर करा. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावले तर उपयोग नाही. पाय कापून आखूड करा. इलेक्ट्रोलिटिकची पट्टेवाली बाजू ग्राउंडला, उलट लावला तर तो फुटू शकतो.

पीए-एलएनएच्या मॉड्यूलची गोष्ट निराळी. ते प्रक्षेपणाच्या वेळी सव्वाशे मिलिअँपिअरच्या जवळ जातं. नॅनोच्या ३.३ व्होल्ट पिनेमागे वेगळा रेग्युलेटर नसतो, तो प्रवाह यूएसबीची चिपच पुरवते. एफटी२३२ चिप असेल तर ५० मिलिअँपिअर, सीएच३४० असेल तर त्याहूनही कमी धरा. म्हणून या मॉड्यूलला आठ पिनांच्या सॉकेटचा, ३.३ व्होल्टचा एएमएस१११७ रेग्युलेटर असलेला अडॅप्टर बोर्ड लागतो. त्याला ५ व्होल्ट द्या आणि मॉड्यूलवर ४७ ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. अँटेना पिळून घट्ट बसवल्याशिवाय हे मॉड्यूल चालू करू नका, शक्ती परत फिरून ॲम्प्लिफायर खराब होतो. शिवाय टेबलावर दोन्ही मॉड्यूल फूटभर अंतरावर ठेवून पूर्ण ताकदीने चाचणी घेऊ नका. रिसीव्हर दिपून जातो आणि काहीच ऐकत नाही. चाचणीला शक्ती सर्वांत कमी ठेवा आणि मधे दोन मीटर अंतर ठेवा.

आता मोटर. ब्रशवाल्या मोटरीत ठिणग्या उडतात, त्यांचा गोंधळ तारांवरून सगळीकडे पसरतो. प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक सोल्डर करा. जमल्यास प्रत्येक टोकापासून मोटरीच्या धातूच्या डबीवर आणखी एकेक. मोटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्या आणि रेडिओपासून दूर ठेवा. ड्रायव्हरच्या मोटर-पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरड लावा. मोटरी आणि नॅनो एकाच बॅटरीवर असतील तर दोघांच्या तारा बॅटरीपासूनच वेगळ्या काढा. पुरवठे स्वतंत्र असले तरी ग्राउंड मात्र एकच हवा.

आणि बॅटरी कोणती आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चौकोनी ९ व्होल्टची असेल तर आधी ती काढा. तिचा अंतर्गत रोध एवढा असतो की दोन मोटरी सुरू होताना व्होल्टेज कोसळतं आणि नॅनो रीसेट होतो. १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये, संरक्षक बोर्डासह, घ्या. पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट होतात. बीओ मोटरी ६ व्होल्टच्या, त्यामुळे पीडब्ल्यूएम २५५ ऐवजी १८० वर थांबवा.

रिमोटलाही हेच दोन सेल नॅनोच्या व्हीआयएन पिनवर द्या. मोबाइलची पॉवर बँक लावू नका. रिमोट चाळीसेक मिलिअँपिअर घेतो. एवढ्या कमी भाराला बऱ्याच पॉवर बँका ‘फोन चार्ज झाला’ असं समजून स्वतःला बंद करतात आणि खेळ मधेच थांबतो.

प्रश्न (नागपूर): इंटरनेटवर सगळीकडे चॅनेल १०८ किंवा १२५ ठेवा असं सांगतात, म्हणजे वायफायचा त्रास होत नाही. हे योग्य आहे का?

त्रास होत नाही हे खरं, पण योग्य नाही. या चिपमध्ये चॅनेलचा आकडा २४०० मध्ये मिळवला की मेगाहर्ट्झमधली वारंवारता मिळते. १०८ म्हणजे २५०८, १२५ म्हणजे २५२५. भारतात परवान्याशिवाय वापरायची मुभा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत आहे, २००५ सालच्या अधिसूचनेने दिलेली. त्यापलीकडचा पट्टा इतरांचा आहे. चिप तिथे जाऊ शकते, तेवढ्याने आपल्याला तिथे जायचा हक्क मिळत नाही. स्पर्धेच्या आयोजकांनीही नियमावलीत हे लिहायला हवं.

पट्ट्याच्या आतही मोकळी जागा आहे. वायफाय राउटर बहुधा १, ६ किंवा ११ या चॅनेलवर असतात. अकराव्याचा मध्य २४६२ आणि वरची कड २४७३ च्या आसपास येते. म्हणून एनआरएफ२४ ला ७५ ते ८० मध्ये ठेवा. आरएफ२४ लायब्ररीचं (या चिपसाठीच्या तयार कोडचं) मूळ चॅनेल ७६ आहे, तेही चांगलं. शेजारी कुणाचा राउटर तेराव्या चॅनेलवर असेल तर मात्र ही जागाही व्यापलेली असेल. लायब्ररीच्या उदाहरणांत स्कॅनर नावाचा प्रोग्रॅम आहे. तो मैदानावर मिनिटभर चालवून कुठे गर्दी आहे ते डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा.

प्रश्न (कोल्हापूर, पालक): मुलाची गाडी छान चालते, पण रिमोटची बॅटरी काढली तेव्हा गाडी थांबलीच नाही, भिंतीवर आदळेपर्यंत धावत राहिली. रिमोट बंद झाल्यावर गाडी थांबावी यासाठी काय करावं?

हा प्रश्न विचारलात, फार बरं झालं. रेडिओचा दुवा कधी ना कधी तुटणारच. तुटल्यावर यंत्र काय करतं, यावरच ते मुलाच्या हाती द्यायचं की नाही हे ठरतं. ज्या गाडीत ही सोय नाही, ती अर्धवट समजा, कितीही सुरेख पळत असली तरी.

तत्त्व सोपं आहे. रिमोटने दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवावं, जॉयस्टिक हलली नसली तरीही. गाडीने प्रत्येक योग्य पॅकेटच्या वेळी मिलिस घड्याळाचा (बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांचा) आकडा नोंदवावा. आत्ताची वेळ आणि ती नोंद यांतला फरक ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त झाला की दोन्ही पीडब्ल्यूएम शून्य करावेत आणि एसटीबीवाय खाली ओढावी. ३०० मिलिसेकंद म्हणजे सलग १५ पॅकेटं हरवली, एवढं साध्या खंडामुळे क्वचितच होतं. सेकंदाला अर्धा मीटर जाणारी गाडी तेवढ्यात १५ सेंटीमीटर सरकते, ते चालून जाईल. शर्यतीची गाडी सेकंदाला तीन मीटर जात असेल तर ती ९० सेंटीमीटर जाईल, तिथे मर्यादा १५० वर आणा.

बहुतेकजण इथेच थांबतात, पण यातून सुटणाऱ्या दोन चुका आहेत. पहिली: रेडिओची मिसो तार सुटली किंवा मॉड्यूलची वीज गेली, तर नॅनोला वाचताना सगळी शून्यं किंवा सगळे २५५ मिळतात आणि लायब्ररी ‘पॅकेट आलं आहे’ असं सांगत राहू शकते. मग घड्याळ दर वेळी नव्याने सुरू होतं आणि तुमची सुरक्षा कधीच जागी होत नाही. म्हणून ‘योग्य’ पॅकेट कोणतं ते तपासा. पॅकेट सहा बाइटचं ठेवा: पहिला बाइट ठरलेला सांकेतिक आकडा (शून्य आणि २५५ सोडून कुठलाही), दुसरा दर पॅकेटला एकने वाढणारा क्रमांक, मग डाव्या मोटरीचे दोन बाइट आणि उजव्या मोटरीचे दोन. सांकेतिक आकडा जुळला आणि क्रमांक आधीच्यापेक्षा वेगळा असला, तरच वेळ नोंदवा.

दुसरी: मोटरीच्या झटक्याने कधी नॅनो तगतो, पण रेडिओ चिप रीसेट होते. तिच्या सगळ्या नोंदी मूळ स्थितीला जातात, चॅनेल २ वर जाऊन बसतं. गाडी सुरक्षितपणे थांबते, पण पुन्हा कधीच जागी होत नाही, आणि मुलं रिमोट उघडून बसतात. उपाय: एक सेकंदभर शांतता असेल तर रेडिओची पूर्ण सुरुवात पुन्हा करा. चॅनेल, वेग, पत्ता, पॅकेटचा आकार, सगळं नव्याने लिहा.

चालू होतानाचाही विचार करा. जॉयस्टिक मध्यावर असल्याचं एकदा दिसेपर्यंत मोटरींना वीज देऊ नका. जॉयस्टिकचा मध्य ५१२ असतो असं पुस्तकात असलं तरी प्रत्यक्षात ४९५ किंवा ५२५ ही येतो. रिमोट चालू करताना तो मोजून ठेवा आणि दोन्ही बाजूंना तीसेक आकड्यांचा निष्क्रिय भाग सोडा. नाहीतर गाडी उभ्या जागी गुणगुणते आणि मोटरी तापतात.

हे सगळं लिहून झाल्यावर चाक हवेत उचलून चार परीक्षा घ्या: रिमोट बंद करणं, रिमोट घेऊन घराबाहेर लांब जाणं, गाडीवरच्या रेडिओची मिसो तार उपटणं आणि गाडीच्या नॅनोचं रीसेट बटण दाबणं. चारही वेळा चाकं थांबली पाहिजेत.

प्रश्न (औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर): जॉयस्टिक सोडली तरी गाडी अर्धा सेकंद पुढे जात राहते. रेडिओ एवढा हळू असतो का?

नाही. २५० किलोबिटला सहा बाइटचं पॅकेट हवेत अर्धा मिलिसेकंदही घेत नाही. उशीर प्रोग्रॅममध्ये आहे.

गाडीच्या कोडमध्ये डिले (प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारी आज्ञा) शोधा. चिपच्या आत तीन पॅकेटांची रांग असते. तुमचा लूप १०० मिलिसेकंद झोपला तर रांग पहिल्या तीन पॅकेटांनी भरते आणि नंतर आलेली, म्हणजे ताजी, पॅकेटं नाकारली जातात. जागा झाल्यावर लूप दर फेरीत एकच जुनं पॅकेट वाचतो. म्हणून ‘इफ’ ऐवजी ‘व्हाइल’ वापरून रांग रिकामी होईपर्यंत वाचा, शेवटचंच पॅकेट वापरा आणि डिले काढून टाका. सिरियल मॉनिटरवर छापणंही तपासा. ९६०० बॉडला एक अक्षर सुमारे एक मिलिसेकंद घेतं आणि ६४ बाइटचा बफर भरला की प्रोग्रॅम थांबून राहतो. वेग १,१५,२०० करा किंवा दर दहाव्या पॅकेटलाच छापा.

रिमोटच्या बाजूला पुनर्प्रयत्नांची संख्या पाहा. सगळीकडे छापलेली (५, १५) ही नोंद म्हणजे दीड मिलिसेकंदाच्या अंतराने पंधरा पुनर्प्रयत्न. पॅकेट पोचलं नाही तर एकट्या त्यातच ३० मिलिसेकंद जातात, तेवढ्यात पुढच्या पॅकेटची वेळ उलटते. जॉयस्टिकची शिळी स्थिती जिद्दीने पोचवण्यात अर्थ नसतो, नवी पाठवावी. (५, ३) पुरे. २५० किलोबिटला हे अंतर ५०० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी मात्र ठेवू नका, पोचपावती परत यायलाच तेवढा वेळ लागतो.

प्रश्न (लातूर): ४३३ मेगाहर्ट्झची जोडी आधीच घेतली आहे. रेडिओहेड लायब्ररी टाकली की सर्व्हो थरथरतो, आणि ९ व १० पिनवरची मोटर फिरत नाही.

रेडिओहेडचा एएसके भाग आणि आर्डुइनोची सर्व्हो लायब्ररी, दोघांनाही टायमर-१ (नॅनोच्या चिपमधल्या वेळ मोजणाऱ्या भागांपैकी एक) हवा असतो. ९ आणि १० वरचा पीडब्ल्यूएमही त्याच टायमरचा. मोटरी ५ आणि ६ वर न्या. सर्व्होसाठी टायमर-२ वापरणारी लायब्ररी घ्या, पण मग ३ आणि ११ वरचा पीडब्ल्यूएम जातो.

दोन्ही बोर्डांना १७.३ सेंटीमीटरची सरळ तार अँटेना म्हणून लावा, त्याने पल्ल्यात मोठा फरक पडतो. रिसीव्हरला ५ व्होल्ट द्या. संदेश नसताना त्याच्या डेटा पिनवर सतत कचरा दिसतो, तो बिघाड नाही. मूळचा वेग सेकंदाला २००० बिट आहे. प्रास्ताविक, शीर्षक आणि तपासणीचे बाइट धरले तर सहा बाइटच्या संदेशाला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम दहा. हळू गाडीला आणि दिवे-भोंगा लावायला ठीक. थांबण्याची मर्यादा ५०० मिलिसेकंद ठेवा.

प्रश्न (ठाणे): रिमोटमध्ये ईएसपी३२ (वायफाय असलेला कंट्रोलर बोर्ड) आणि गाडीत नॅनो, मधे एनआरएफ२४. पॅकेट पोचतं पण आकडे भलतेच येतात. त्यापेक्षा दोन्हीकडे ईएसपी३२ लावले तर?

आधी आकडे. नॅनोवर ‘इंट’ दोन बाइटचा, ईएसपी३२ वर चार बाइटचा. एकच स्ट्रक्चर दोन्हीकडे जसंच्या तसं उतरवलं की जागा सरकतात. इंट१६_टी, युइंट८_टी असे नक्की रुंदीचे प्रकार वापरा. तेवढ्यानेही भागतंच असं नाही: एक बाइट, मग दोन, पुन्हा एक, मग दोन असा क्रम असेल तर ते नॅनोवर सहा बाइट होतात, पण ईएसपी३२ मधे रिकाम्या जागा सोडून आठ करतं. एकेक बाइटवाले दोन्ही आधी ठेवले की दोन्हीकडे सहाच येतात. लायब्ररीतला पॅकेटचा आकारही दोन्ही बाजूंना सारखाच लिहा, न लिहिल्यास तो ३२ धरला जातो.

दोन्हीकडे ईएसपी३२ असतील तर एनआरएफ२४ लागतच नाही. ईएसपी-नाऊ ही पद्धत राउटरशिवाय, थेट मॅक पत्त्यावर, पहिल्या आवृत्तीत एका वेळी २५० बाइटपर्यंत पाठवते. नवी सुरुवात करणाऱ्याला आम्ही आता हाच मार्ग सुचवू, कारण सोल्डरिंग आणि तारांतले निम्मे दोष टळतात. तीन ठिकाणी लक्ष द्या. वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (ॲनालॉग वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वाचता येत नाहीत, म्हणून जॉयस्टिक ३२ ते ३९ मधल्या पिनांवरच घ्या आणि तिला ३.३ व्होल्ट द्या, ५ नाही. बोर्डाची प्रवाहाची शिखरं काही शे मिलिअँपिअरची असतात. ‘ब्राउनआउट’ असं छापून बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर दोष पुरवठ्याचा किंवा बारीक यूएसबी तारेचा. आणि आर्डुइनोतल्या ईएसपी३२ पॅकेजच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅकेट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनची रचना आणि पीडब्ल्यूएमच्या आज्ञा बदलल्या आहेत. जुना कोड कंपाइल झाला नाही तर तुमची चूक शोधत बसू नका, आधी आवृत्ती पाहा.

प्रश्न (रत्नागिरी, शिक्षक): शाळेत आठ गाड्या एकाच सभागृहात चालवायच्या आहेत. एकीचा रिमोट दुसरीला चालवतो.

सर, उदाहरणातला पत्ता सर्वांनी तसाच ठेवला असणार. प्रत्येक जोडीला पाच बाइटचा स्वतःचा पत्ता द्या. सगळी शून्यं किंवा एकाआड एक बिट असलेले पत्ते टाळा, गोंगाटातही ते ‘ऐकू’ येतात. चॅनेलही वाटून द्या. २५० किलोबिटला एक जोडी एका मेगाहर्ट्झमध्ये मावते, पण मॉड्यूल स्वस्त असल्याने मधे एक सोडा: ६८, ७०, ७२ असं ८२ पर्यंत, बरोबर आठ जोड्या. सभागृहातला राउटर तेवढ्यापुरता बंद ठेवता आला तर उत्तम. शक्ती ‘लो’ ठेवा, त्या अंतराला पुष्कळ होते. सगळी मॉड्यूल एकाच खरेदीतली घ्या. बाजारात नकली चिपा बऱ्याच आहेत, आणि एका बनावटीच्या चिपची पोचपावती दुसऱ्या बनावटीला कधी कधी कळत नाही. गाडी, रिमोट आणि चॅनेलचा आकडा एकाच रंगाच्या चिकटपट्टीवर लिहून दोन्हींवर लावा.

प्रश्न (नाशिक, द्राक्ष बागायतदार): फवारणीची छोटी बॅटरीवरची ट्रॉली २०० मीटरच्या ओळीत रिमोटने न्यायची आहे. लोरा चालेल का?

दादा, लोरा ही लांब पल्ल्याची पण संथ रेडिओ पद्धत चालेल, पण वेग जपून निवडावा लागेल. २.४ गिगाहर्ट्झ इथे नको, ओल्या पानांच्या भिंतीत ती लहर शोषली जाते. एचसी-१२ नावाचं ४३३ चं मॉड्यूल अनेकजण सुचवतील. ते मुळात १०० मिलीवॉटवर चालतं. आपल्याकडे ४३३-४३४ मध्ये मुभा १० मिलीवॉटची आहे आणि त्याचे बहुतेक चॅनेल ४३४ च्या वर पडतात, म्हणून ते आम्ही सुचवत नाही.

भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. एसएक्स१२७६ चिपचं ८६८ चं मॉड्यूल घेऊन प्रोग्रॅममध्ये ८६६ वर बसवा. ९१५ चं घेऊ नका. स्प्रेडिंग फॅक्टर ७, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ ठेवली तर दहा बाइटच्या पॅकेटला ४१ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा पॅकेटं सहज जातात, चालण्याच्या वेगाच्या ट्रॉलीला ते पुरे आहे. पल्ला वाढावा म्हणून फॅक्टर १२ केला तर त्याच पॅकेटला जवळजवळ एक सेकंद लागतो, तेवढ्या उशिराने यंत्र चालवायचं नाही. ही चिप ५ व्होल्ट सहन करत नाही, त्यामुळे नॅनोऐवजी ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरा. अँटेना ८.६ सेंटीमीटरची उभी तार, ट्रॉलीवर शक्य तितकी उंच.

दुवा तुटल्यावर ५०० मिलिसेकंदांत थांबण्याची सोय वर सांगितल्याप्रमाणे हवीच. पण तुमची टाकी भरलेली ट्रॉली जड आहे, तिच्यासाठी फक्त प्रोग्रॅमवर विसंबू नका. ट्रॉलीच्या मागे-पुढे लाल मशरूम बटणं लावा. ती दाबली की मोटरीच्या रिलेची वीज थेट तुटावी, मधे कंट्रोलर असू नये. मोटरीला वीज नसताना लागणारा ब्रेकही हवा. उतारावर नुसती वीज तोडून ट्रॉली थांबत नाही.